पंढरपूर होडीतून पाहायचं आहे? सोलापूरकरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पंढरपूर सोलापूरपासून दीड-दोन तासांवर. तरी आपल्यापैकी बहुतेकांचं पंढरपूर म्हणजे दर्शनाची रांग, चुरमुऱ्याचा पुडा आणि परतीची एसटी. नदी बघायची राहून जाते. पण हे गाव नदीकडे तोंड करून बसलेलं आहे. घाट, वाडे, मंदिराचं महाद्वार, सगळं पूर्वेला, पाण्याच्या दिशेनं. म्हणून मी ओळखीच्यांना नेहमी सांगतो, की एकदा तरी आधी होडीत बसा आणि मग गावात शिरा. त्यावर जे प्रश्न पुन्हापुन्हा येतात, ते उत्तरांसह इथे एकत्र केले आहेत.

१. होडीतून नेमकं काय काय बघायला मिळतं?

महाद्वार घाटापासून निघालात की आधी वाळवंटातलं, म्हणजे नदीच्या वाळूच्या पात्रातलं, भक्त पुंडलिकाचं मंदिर येतं. मग घाटांची रांग, त्यामागे जुने वाडे आणि मठ. खाली दक्षिणेकडे गेलं की नदीच्या पात्रातलं नारदाचं मंदिर आणि त्यापुढे विष्णुपद. समोरच्या काठावर इस्कॉनचं मंदिर आणि त्यांचा मोठा घाट. विष्णुपदापासून गोपाळपूर चालत गाठता येतं. सगळं एकाच फेरीत होतंच असं नाही. छोटी फेरी घाटांपुरती असते, मोठी विष्णुपदापर्यंत. होडीत बसण्याआधी कोणती फेरी हवी ते ठरवा.

२. सोलापूरहून कसं जायचं? एका दिवसात जमतं का?

आरामात जमतं. मोहोळमार्गे अंतर साधारण ७५ किलोमीटर आहे. एसटी सतत असतात. रेल्वेनं जायचं तर कुर्डुवाडीवरून वळसा पडतो आणि वेळ जातो. फक्त पंढरपूरसाठी निघालेल्यानं एसटी किंवा स्वतःची गाडी बरी.

पहाटे निघा. मोहोळकडून येताना गावात शिरण्याआधी गाडी पुलावरून भीमा ओलांडते. तिथेच खाली नजर टाका. पाणी काठाला लागून संथ दिसलं तर होडी चालू असणार. पात्रात नुसती वाळू आणि डबकी दिसली तर बेत बदलावा लागेल (प्रश्न १५ पाहा).

३. नदी भीमा की चंद्रभागा?

एकच. भीमाशंकरला उगम पावणारी भीमा पंढरपूरजवळ चंद्रकोरीसारखं वळण घेते, म्हणून इथे तिला चंद्रभागा म्हणतात. गावातला माणूस सहसा चंद्रभागाच म्हणेल. पाटबंधारे खात्याच्या इशाऱ्यात मात्र भीमा असंच लिहिलेलं असतं. पुराची बातमी वाचताना हे लक्षात ठेवा.

४. होडी कुठे मिळते? आधी बुकिंग करावं लागतं का? भाडं किती?

महाद्वार घाटाच्या पायऱ्या उतरून वाळवंटात आलात की होडीवालेच हाक मारतात. "माउली, विष्णुपद? माउली, पुंडलिक?" बुकिंग वगैरे काही लागत नाही.

भाडं पाणी, गर्दी आणि अंतर बघून ठरतं. ते माणशी आहे की पूर्ण होडीचं, जाऊन-येऊन आहे की एकीकडचं, आणि विष्णुपदाला किती वेळ थांबणार, या तीन गोष्टी पाय आत टाकण्याआधी बोलून घ्या. मी एकदा हे न विचारता बसलो होतो. विष्णुपदाला पोचल्यावर कळलं, की ठरलेले पैसे फक्त जाण्याचे होते. बरोबर म्हातारी माणसं, ऊन वाढलेलं, मागतील ते द्यावे लागले. तेव्हापासून परतीचं भाडं मी आधी बोलतो.

बहुतेक होडीवाले कोळी समाजातले. पुंडलिकाच्या मंदिरातली पूजासेवाही परंपरेनं महादेव कोळ्यांकडे आहे. त्यामुळे नदीबद्दल काही विचारायचं असेल तर त्यांनाच विचारा. कुठे खड्डा आहे, कालपेक्षा पाणी किती चढलं, कोणत्या घाटाची कितवी पायरी बुडाली, हे त्यांना तोंडपाठ असतं.

५. आधी दर्शन घ्यावं की आधी होडी?

माझं मत ठाम आहे: आधी नदी. वारकऱ्यांची रीतही तीच. चंद्रभागेचं स्नान, पुंडलिकाचं दर्शन, मग विठोबा. देव पुंडलिकासाठी विटेवर उभा राहिला, म्हणून मान आधी पुंडलिकाचा.

दुसरं कारण उजेडाचं. घाट पूर्वाभिमुख आहेत. सकाळी सूर्य पलीकडच्या काठावरून वर येतो आणि त्याचं ऊन थेट घाटांच्या दगडावर पडतं. सात-आठच्या सुमारास होडीतून बघितलं तर पायऱ्या, दीपमाळा, वाड्यांच्या खिडक्या सगळं स्वच्छ दिसतं. संध्याकाळी सूर्य गावामागे जातो आणि घाट काळे पडतात. ते दृश्यही सुरेख असतं, पण बारकावे हरवतात.

मंदिरात मोबाईल नेता येत नाही. फोटो काढायचे ते नदीवर काढून घ्या आणि फोन ठेवूनच रांगेला लागा.

६. घाट सगळे सारखेच दिसतात. होडीतून ओळखायचं कसं आणि बघायचं काय?

हा प्रश्न मला सगळ्यात आवडतो. सगळ्या घाटांची नावं पाठ करायची गरज नाही. महाद्वार घाट एकदा डोळ्यात बसवा आणि तिथून मोजत जा. उद्धव घाट, कुंभार घाट, दत्त घाट अशी नावं होडीवाला सांगत जातो.

महाद्वार घाटाच्या परिसरात दोन मोठ्या वास्तूंकडे नीट बघा. एक होळकर वाडा, अहिल्याबाईंच्या काळातला, आत राममंदिर. दुसरी शिंद्यांची, बायजाबाई शिंदे यांनी बांधलेलं द्वारकाधीशाचं मंदिर. बाहेरून ते देवळापेक्षा गढीसारखं वाटतं. भक्कम दगडी भिंती आहेत आणि खालचा भाग जवळजवळ बंद. रस्त्यावरून गेलं की या भिंती इतक्या जाड का ते कळत नाही. होडीतून वर बघितलं की कळतं: पूर आला की नदी या दगडांपर्यंत येते. बारकाईनं पाहिलं तर भिंतीवर खाली गडद आणि वर फिकट असे पट्टे दिसतात. त्या जुन्या पाण्याच्या खुणा आहेत. होडीवाल्याला विचारा, यातली कुठली खूण त्यानं स्वतः पाहिली. तो हात करून दाखवेल आणि तो हात तुमच्या डोक्याच्या बराच वर असेल.

घाटाच्या पायऱ्या चढून सरळ पश्चिमेला गेलं की मंदिराचं महाद्वार. तिथली पहिली पायरी ती नामदेव पायरी. वारकऱ्यांच्या पायाची धूळ लागावी म्हणून नामदेवांनी इथे समाधी घेतली, ते वर्ष १३५० मानतात. समोरच चोखोबांची समाधी आहे. मंगळवेढ्याला गावकुसाचं काम चालू असताना ते कोसळलं आणि त्याखाली चोखोबा गेले, ते १३३८ साली. नामदेवांनी त्यांच्या अस्थी इथे आणल्या. जिवंतपणी ज्यांना देवळात पाऊल टाकू दिलं नाही, त्यांची समाधी दाराशी आहे. आणि ते दार सगळ्यांना उघडलं ते थेट १९४७ च्या मे महिन्यात, साने गुरुजींनी तनपुरे महाराजांच्या मठात दहा दिवस उपोषण केल्यावर. घाटावरून महाद्वाराकडे चालताना हे दोन्ही मनात असू द्या. माझा पाय त्या पायरीजवळ दर वेळी रेंगाळतो.

७. पुंडलिकाच्या मंदिरात होडीनंच जावं लागतं का?

पाणी कमी असेल तर वाळवंटातून चालत जाता येतं. मध्यम पाण्यात होडी थेट मंदिराशी लागते. मोठ्या पुरात मंदिर पाण्याखाली जातं, नुसतं शिखर दिसतं, आणि तेव्हा होडी निघत नाही. वाळू ओली आणि घसरती असेल तर चपला हातात घ्या.

८. विष्णुपदाला होडीनं कधी जावं? मार्गशीर्षातच का जातात?

विष्णुपद गावाच्या दक्षिणेला दीडएक किलोमीटरवर, नदीच्या पात्रातच. दगडी खांबांचा मंडप आहे आणि आत खडकावर कृष्णाची पावलं, गाईंची खुरं दाखवतात. गोपाळांबरोबर देवानं इथे काला केला अशी श्रद्धा आहे.

मार्गशीर्षाचं कारण वेगळं आहे. ज्ञानेश्वर माउलींनी आळंदीला कार्तिक वद्य त्रयोदशीला समाधी घेतली. त्यानंतर देवाचं मन गावात रमेना आणि तो महिनाभर विष्णुपदाला येऊन राहिला, असं पंढरपूरकर सांगतात. म्हणून मार्गशीर्षभर लोक डबे घेऊन इथे येतात, दर्शन घेतात आणि नदीकाठी बसून जेवतात. पावसाळ्यानंतर नदीला पाणी असतं, हवा गार असते. होडीच्या सहलीला याहून चांगला महिना नाही.

माझी आत्या सत्तरीची असताना तिला मी मार्गशीर्षातच नेलं होतं. सोलापूरहून निघताना तिनं कडक भाकरी, शेंगाची चटणी आणि दह्याचा डबा बांधून घेतला. होडीत चढताना तिनं आधी होडीच्या काठाला हात लावून तो कपाळाला लावला. होडीवाला म्हणाला, "माउली, मधी बसा, काठाला नको." पाणी उथळ होतं तिथे तो वल्ही ठेवून लांब बांबूनं तळ रेटत होता. बांबू वर आला की टोकाला वाळू चिकटलेली असायची आणि आत्या दर वेळी ती बोटानं पुसून घ्यायची. ही पंढरीची वाळू, असं म्हणत ती चिमूट तिनं रुमालाच्या गाठीत बांधली. ती गाठ अजून आमच्या देवघरात आहे.

एक व्यवहाराची गोष्ट: जाताना होडी प्रवाहाबरोबर जाते, येताना उलट यावं लागतं. वल्ह्याच्या होडीला परतीला जास्त वेळ लागतो. दर्शनाची वेळ ठरलेली असेल तर त्या हिशोबानं निघा.

९. गोपाळपूरही त्याच फेरीत होईल का?

होईल. विष्णुपदाला उतरून थोडं चाला. टेकाडावर गोपाळकृष्णाचं मंदिर आहे, भोवती तटबंदी. आत जनाबाईंचं जातं दाखवतात. बायका त्याला हात लावून एक फेरा फिरवतातच. आषाढी आणि कार्तिकी पौर्णिमेला इथे गोपाळकाला होतो आणि मगच वारी संपते. त्या दोन दिवशी गर्दी अफाट असते. निवांत बघायचं तर ते दिवस टाळा.

१०. पलीकडचं इस्कॉन मंदिर होडीनं की रस्त्यानं?

दोन्हीनं जाता येतं. रस्त्यानं पुलावरून वळसा पडतो, होडीनं समोरासमोर. त्या काठावरून पंढरपूरचे घाट एका नजरेत बसतात, त्यासाठी तरी पलीकडे जाच. त्याच बाजूला ६५ एकर हा वारकऱ्यांच्या मुक्कामाचा तळ आहे. वाळवंटात राहुट्या टाकायला उच्च न्यायालयानं मनाई केल्यावर तो विकसित केला.

११. आषाढीला होडीतून फिरता येईल का?

त्या दिवसांत सहलीचा बेत करूच नका. लाखो वारकरी स्नानाला उतरलेले असतात, पाणी उजनी धरणातून सोडलेलं असतं, आणि होड्या चालू ठेवायच्या की नाही हे प्रशासन पाणी बघून ठरवतं. वारीला जायचं तर वारी म्हणूनच जा. कार्तिकी, माघी आणि चैत्री या बाकीच्या तीन वाऱ्यांच्या एकादशीला आणि तिच्या आगेमागेही घाटावर दाटी असते. होडीसाठी यांतला कुठलाच दिवस नसलेला साधा कामाचा दिवस सर्वांत चांगला.

१२. इथे पाऊस नाही, ऊन आहे, तरी होड्या बंद कशा?

हा प्रश्न दर पावसाळ्यात येतो. चंद्रभागेचं पाणी पंढरपूरच्या पावसावर ठरत नाही. पुणे जिल्ह्यात आणि घाटमाथ्यावर पाऊस झाला की उजनी भरतं आणि भीमेत विसर्ग सुरू होतो. दुसरीकडून वीर धरणाचं पाणी नीरेतून येतं आणि नीरा नरसिंहपूरला भीमेत मिळतं. दोन्ही एकदम आली की पंढरपूरला लख्ख ऊन असताना नदी चढते आणि जुना दगडी पूल पाण्याखाली जातो. जुलै ते ऑक्टोबरमध्ये निघण्याआधी सोलापूरचं वर्तमानपत्र उघडा आणि उजनी, वीर यांच्या विसर्गाची बातमी बघा. विसर्ग वाढवणार असं लिहिलं असेल तर दर्शनाला जा, होडीला नको.

उलटही घडतं. भर उन्हाळ्यात कोरडं पात्र अचानक वाहू लागतं, कारण पिण्यासाठी किंवा शेतीसाठी उजनीतून नदीत पाणी सोडलेलं असतं. त्यामुळे कोरड्या पात्रात मुलांना लांबवर खेळायला सोडू नका.

१३. पोहता येत नाही. लहान मुलं बरोबर आहेत. भीती वाटते.

भीती योग्य आहे आणि तिचं ऐका. लाइफ जॅकेट मागा. नसेल तर दुसरी होडी बघा. होडी भरलेली असताना "अजून दोघं बसतील" असं कोणी म्हणालं तर तुम्ही उतरा. वारा सुटला, आभाळ काळं झालं, तर ठरलेली फेरीही सोडून द्या. २१ मे २०२४ ला आपल्याच जिल्ह्यात, उजनीच्या पाण्यात, कुगावहून कळाशीला निघालेली बोट वादळी वाऱ्यात उलटली आणि सहा जण गेले. त्यांत लहान मुलंही होती. संध्याकाळचा वळवाचा वारा किती झपाट्यानं येतो हे सोलापूरच्या माणसाला सांगायला नको.

होडीत उभं राहून फोटो काढू नका. मूल मांडीत नाही, दोघा मोठ्या माणसांच्या मध्ये बसवा, त्याचं जॅकेट त्याच्या मापाचं हवं. आणि पाण्यात उतरायचं तर घाटाजवळच. वाळू उपशामुळे पात्रात खोल खड्डे आहेत, ते वरून दिसत नाहीत. गुडघाभर पाण्यात चालणारा माणूस पुढच्या पावलाला गळ्यापर्यंत जातो.

१४. पाणी स्वच्छ आहे का? तीर्थ म्हणून प्यावं का?

पिऊ नका. वारीच्या दिवसांत आणि नंतर पाणी खूपच खराब होतं. नदी स्वच्छ करण्यासाठी सरकारनं २०१६ मध्ये 'नमामि चंद्रभागा' जाहीर केलं, पण घाटावर आजही कपडे, हार, प्लास्टिक तरंगताना दिसतं आणि ते बघून जीव तुटतो. हातपाय धुवा, डोक्यावर पाणी शिंपडा. फुलं पिशवीतून आणली तर पिशवी परत न्या. होडीतून द्रोणात दिवा सोडायचा असेल तर पानाचाच द्रोण घ्या, थर्माकोलचा नको.

१५. गेलो आणि पाणीच नव्हतं. आता काय करावं?

परत फिरू नका, तीच फेरी पायी करा. महाद्वार घाटावरून वाळवंटात उतरा, पुंडलिक बघा, काठाकाठानं घाट बघत दक्षिणेला जा आणि रिक्षानं गोपाळपूर, विष्णुपद गाठा. कोरड्या पात्रातून घाट पायथ्यापासून वरपर्यंत दिसतात, पाणी असताना खालच्या पायऱ्या झाकलेल्या असतात. साधारण मार्च संपल्यापासून पहिलं पाणी येईपर्यंत ही तयारी ठेवूनच निघा.

१६. आईचे गुडघे दुखतात. घाट उतरणं जमेल का?

पायऱ्या उंच आहेत, पुढे वाळू. सकाळी गर्दी नसताना, हाताला धरून, दोनदा टेकत उतरलं तर बहुतेकांना जमतं. खरी अडचण होडीत चढताना येते, कारण होडी हलते. होडीवाल्याला आधी सांगा, तो होडी काठाला आडवी लावतो आणि फळी टाकतो. अजिबात चालवत नसेल तर प्रश्न १० मधल्या रस्त्यानं गाडीतून पलीकडे जा आणि तिथल्या घाटावर बसून समोरचं पंढरपूर दाखवा.

१७. पंढरपूरहून होडीनं माचणूरला जाता येतं का? नकाशावर एकच नदी दिसते.

नदी एकच, पण वाटेत बंधारे आहेत, त्यामुळे सलग जलप्रवास होत नाही. मात्र परतताना मंगळवेढामार्गे आलात तर माचणूर रस्त्यावरच आहे. भीमेकाठी सिद्धेश्वराचं मंदिर, पायऱ्या थेट पाण्यात उतरलेल्या, आणि शेजारी औरंगजेबाच्या छावणीची आठवण सांगणारा किल्ला. १६९५ ते १६९९ ही वर्षं बादशहाचा तळ इथे, ब्रह्मपुरीला, होता. पलीकडच्या काठावर बेगमपूर. मंगळवेढामार्गे अंतर थोडं वाढतं, पण सकाळी पंढरपूरचे घाट आणि संध्याकाळी माचणूरचा घाट असा दिवस होतो.

१८. एवढं लांब कशाला? सिद्धेश्वर तलावातच होडीतून मंदिर बघितलं तर?

सोलापूरच्या सिद्धरामेश्वरांच्या मंदिराभोवती तलावाचं पाणी आहे, पण तिथे पायवाटेनंच जातात, दर्शनाला होडी लागत नाही. तलावाच्या काठाला भुईकोट किल्ला आहे. बागेच्या बाजूनं किल्ल्याच्या तटाजवळ उभं राहिलं की पाण्यात मंदिराचं प्रतिबिंब दिसतं. ते जानेवारीत, गड्ड्याच्या यात्रेत, दिवे लागल्यावर बघा. पंढरपूरच्या आधीच्या रविवारी मुलांना हे दाखवून आणलं, तर होडीत बसल्यावर तीच मुलं विचारू लागतात की इथला देव पाण्याच्या मध्ये आणि तिथला काठावर का.